लेबरच्या केससाठी रत्नागिरीतलं वकील ऑफिस, माझा दोन वर्षांचा अनुभव (४/५)

आधीच सांगतो, नाव लिहिणार नाही. वकील मॅडमनीच सांगितलंय की वकिलांना जाहिरात करायची बंदी असते, बार कौन्सिलचा नियमच आहे, उगाच कौतुक करून मला गोत्यात आणू नका. ऑफिस मारुती मंदिरच्या बाजूला, दुसरा मजला, एवढं पुरे. गरजवंत विचारत विचारत पोचतो, मीपण तसाच पोचलो, एका रिक्षावाल्याने सांगितलं की माझ्या मेव्हण्याची केस यांनीच लढली.

मी इकडच्या एका मासळी प्रोसेसिंग प्लांटला अकरा वर्षं होतो. २०१२ ला ग्रेडिंगला लागलो, पांढरी टोपी, गमबूट, सकाळी सात ते तीन. २०१९ ला साहेबांनी केबिनमध्ये बोलावून पांढरीच्या जागी निळी टोपी दिली, दीड हजार वाढवले आणि ओळखपत्रावर 'सुपरवायझर' छापून आलं. आईने वाडीत पेढे वाटले. ते पेढे किती महाग पडणार होते ते तेव्हा कुणाला माहीत.

जून २०२३. मासेमारी बंदी लागलेली, १ जून ते ३१ जुलै, बोटी वर ओढून ताडपत्री घातलेल्या, प्लांटला माल कमी, आणि एक दिवस शिफ्ट सुटताना हातात पाकीट. पत्र इंग्रजीत, मुलीने वाचून दाखवलं. एक महिन्याचा पगार दिलाय आणि खाली एक वाक्य, की आपण सुपरवायझरी कॅडरमध्ये असल्यामुळे 'वर्कमन'च्या व्याख्येत बसत नाही, सबब कंपनी याशिवाय काही देणं लागत नाही. अकरा वर्षं आणि एक 'सबब'.

आधी मी गेलो होतो एका कन्सल्टंटकडे, मॅडमकडे नाही. त्याच्याबद्दल एवढंच लिहितो की त्याने पत्र पूर्ण वाचलंसुद्धा नाही. सुपरवायझर ना? पगार किती? सतरा हजार आठशे? मग विसरा, दहा हजाराच्या वर गेला की सुपरवायझर कामगार राहत नाही, कंपनीशी बोलून बघतो काय मिळतं का. पाचशे घेतले आणि चार महिने 'बोलतोय, बोलतोय' करत बसला. त्याचं वाक्य अर्धं बरोबर होतं हे मला नंतर कळलं, आणि अर्ध्या बरोबर माणसासारखा धोकादायक माणूस नाही.

तर ऑक्टोबरात मॅडमकडे. चारची वेळ दिलेली, आत घेतलं सहाला. बाहेर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पंखा, आणि एक क्लार्क काका जे येणाऱ्या प्रत्येकाला "बसा, होईल" म्हणतात. एक स्टार इथेच कापला असता पण आत गेल्यावर पुढचा सव्वा तास फोनला हात लावला नाही बाईंनी, म्हणून परत दिला.

पत्र वाचलं, टेबलावर पालथं ठेवलं. म्हणाल्या, "कंपनी तुम्हाला काय म्हणते ते कळलं. आता मला सांगा, सातला टोपी घातल्यापासून तीनला काढेपर्यंत हात काय करत होते? नुसतं बोलू नका, इथे टेबलावर करून दाखवा."

मला आधी लाजच वाटली. पण केलं. क्रेट येतो, बर्फ बाजूला सारायचा, कोळंबी हातात घेतली की बोटांनाच कळतं, ही सोळा-वीस, ही एकवीस-पंचवीस, म्हणजे एका पौंडात किती नग बसतात तो काउंट, तसतशी वेगवेगळ्या ट्रेत टाकायची. मऊ पडलेली, डोक्याकडे काळी झालेली बाहेर. माकूल आलं की सुरी घेऊन साफ करायला बसायचं, बायका कमी असल्या तर सोलाईलापण. दर तासाला ब्लास्टचं, म्हणजे माल गोठवायच्या फ्रीझरचं तापमान बघून रजिस्टरात लिहायचं. मी हवेत कोळंबी निवडत होतो आणि मॅडम पेन्सिलने मिनिटं लिहीत होत्या, खरंच मिनिटं, ह्याला किती वेळ, त्याला किती वेळ. शेवटी बेरीज करून कागद माझ्याकडे फिरवला. आठ तासांतले सव्वासहा तास मी मालाला हात लावून उभा होतो. रजिस्टर लिहिण्यात चाळीसएक मिनिटं. बायकांना इकडून तिकडे हलवणं, कोण कुठल्या टेबलावर हे सगळं धरून पाऊण तासाच्या आत, बाकी जेवण.

मग प्रश्न सुरू. टेबलावर चौदा बायका होत्या, त्या कामावर कोण घ्यायचं? कॉन्ट्रॅक्टर. रजा कोण मंजूर करायचं? फॉर्म मी पुढे पाठवायचो, वर 'रेकमेंडेड' लिहून, मंजूर ऑफिसातून व्हायची. ओव्हरटाइम कोण ठरवायचं? प्लांट मॅनेजर. एखादीला घरी पाठवायचं ठरलं तर? मी कोण पाठवणारा. मेमो कधी दिलाय?

इथे मी गप्प झालो. एकदा सही केली होती, २०२१ मध्ये, एका बाईच्या हातून प्रोब थर्मामीटर पडून फुटला त्याचा मेमो. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "हा कागद ते पहिला काढणार."

तर ज्यांची अशीच भानगड झालीय त्यांच्यासाठी मला त्या दिवशी जे समजलं ते लिहितो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता तो १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा, कलम २(एस), त्यात वर्कमन कोण ते दिलं होतं. मॅन्युअल, अनस्किल्ड, स्किल्ड, टेक्निकल, ऑपरेशनल, क्लेरिकल आणि सुपरवायझरी, यातलं काम पगारावर करणारा तो वर्कमन. हो, सुपरवायझरी हा शब्द आतच आहे, मीपण चाट पडलो. मग बाहेर कोण, तर मुख्यतः मॅनेजरकीचं किंवा प्रशासनाचं काम करणारा, त्याचा पगार किती का असेना. आणि सुपरवायझर म्हणून नेमलेला पण महिना दहा हजारांवर घेणारा, किंवा कमी घेणारा पण हातात मॅनेजरचे अधिकार असलेला. सैन्य, पोलीस वगैरे वेगळे, ते सोडा.

आता त्या कन्सल्टंटची चूक कुठे ते बघा. दहा हजारांची रेघ फक्त खऱ्या सुपरवायझरसाठी होती. जो सुपरवायझर नाहीच, हाताने किंवा डोक्याने टेक्निकल काम करतो, त्याचा पगार कितीही वाढू दे तो वर्कमनच राहतो. मॅडमचं उदाहरण, जेटीवरचा क्रेन ऑपरेटर साठ हजार घेऊ दे, तो क्रेन चालवतो ना, झालं तर. म्हणून पगार किती हा दुसरा प्रश्न, पहिला प्रश्न हा की मुख्य काम कुठलं. कन्सल्टंटने दुसऱ्यापासून सुरुवात केली आणि तिथेच दुकान बंद केलं.

ही रेघसुद्धा गमतीची होती. आधी होती पाचशे रुपये, मग १९८४ पासून सोळाशे, मग २०१० ला दहा हजार, ती नोव्हेंबर २०२५ पर्यंत. आता दहा हजारात सुपरवायझर सोडा, वॉचमनपण मिळत नाही, म्हणजे तेव्हा खरा सुपरवायझर झालात की आपोआप कायद्याच्या बाहेर, रेघ असून नसल्यासारखी. निळ्या टोप्या एवढ्या स्वस्तात का वाटतात ते मला तेव्हा कळलं. दीड हजारात माणूस कायद्यातून बाहेर काढता यायचा, कुणाला नको असेल.

मॅडमची एक गोष्ट मला फार आवडली, त्या कायदा सांगताना माणसं सांगतात. १९८४ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल, डेल्टन केबल कंपनीतला सिक्युरिटी इन्स्पेक्टर, नाव इन्स्पेक्टर पण काम गेटवर नजर ठेवायची, रजिस्टरात नोंदी करायच्या, कुणाला नेमायचा किंवा शिक्षा करायचा अधिकार नाही, कोर्ट म्हणालं वर्कमन. १९८८ चा दुसरा, कंपनीचा इंटर्नल ऑडिटर, तो हिशोब तपासून रिपोर्ट वर देतो, पण त्याच्या रिपोर्टने कंपनी बांधली जात नाही, निर्णय दुसराच घेतो, म्हणून तोपण वर्कमन. उलट १९९४ चा करोना साहू बूटवाल्यांचा, दुकानाचा मॅनेजर, अख्ख्या दुकानाचा कारभार त्याच्याकडे, तो हरला. आणि आमच्या बायकोसाठी खास, ती मराठी शाळेत शिक्षिका आहे आणि त्या दिवशी बरोबर होती, तिने विचारलं मग मी कोण? मॅडम हसल्या. गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमध्ये १९८८ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की शिक्षक वर्कमन नाही, कारण शिकवणं हे त्या यादीतल्या कुठल्याच शब्दात बसत नाही. बायको घरी येईपर्यंत बडबडत होती, म्हणजे मी कोळंबी निवडली असती तर बरं होतं का.

मेडिकल रिप्रेझेंटेटिव्हचंपण तसंच, १९९४ चा सँडोझचा निकाल, मॅनेजर नाही म्हणून आपोआप वर्कमन असं होत नाही, यादीतल्या एका तरी शब्दात बसावं लागतं. (विक्रीवाल्यांसाठी तेव्हा १९७६ चा वेगळा कायदा होता, महाराष्ट्रात त्यांना आणखी एक दार होतं, तुमच्यात कुणी एमआर असेल तर वकिलाला विचारा, मी सांगून चुकायचो.)

आता सर्व्हिसबद्दल, म्हणजे ज्यासाठी लिहायला बसलो.

पहिलं काम त्यांनी केलं ते केसचं नव्हतंच. म्हणाल्या ग्रॅच्युइटी मिळाली का? मी म्हटलं ते सुपरवायझरला देत नाहीत म्हणे. तिथे पहिल्यांदा चिडल्या. तेव्हा १९७२ चा कायदा होता, त्यात हेल्पर काय मॅनेजर काय सगळे यायचे, पाच वर्षं झाली की बेसिक आणि डीए धरून दर वर्षाला पंधरा दिवस, भागिले सव्वीस. माझं बेसिक १२,४०० होतं, कागदावरच गुणाकार केला, ७८,६९२. फॉर्म भरून घेतला, रजिस्टर पोस्टाने पाठवायला लावला, पोचपावती जपून ठेवायला सांगितली, आणि याचे पैसे घेतले नाहीत. दीड महिन्यात खात्यात जमा. नुसत्या एका फॉर्मने. चार महिने तो दुसरा काय बोलत होता कंपनीशी देव जाणे.

मग केस. महाराष्ट्राचा १९७१ चा कायदा आहे अनुचित कामगार प्रथांचा, त्याखाली तक्रार नव्वद दिवसांत करायची असते, ते दिवस कन्सल्टंटने खाल्लेले. उशीर माफ होऊ शकतो पण कारण पटवावं लागतं, मॅडम म्हणाल्या तिथे भांडत बसण्यापेक्षा दुसऱ्या रस्त्याने जाऊ. तो रस्ता म्हणजे कामगार कार्यालयात समेटाचा अर्ज, तिथे पंचेचाळीस दिवसांत काही झालं नाही तर १९४७ च्याच कायद्याच्या कलम २अ खाली सरळ लेबर कोर्ट, तेव्हा तीन वर्षांची मुदत. मागणी दोन, कामावर परत घ्या, आणि काढताना कलम २५एफ पाळलं नाही. म्हणजे एक महिन्याची नोटीस किंवा पगार दिला पण दर वर्षाचे पंधरा दिवस, अकरा वर्षांचे १६५ दिवस, ते कुठेत? समेटाला कंपनीचा माणूस दोनदा आला, दोनदा तेच वाक्य वाचून गेला.

फी पंचवीस हजार, तीन हप्त्यांत, पावतीसकट. टायपिंग, झेरॉक्स वेगळं. महाग वाटलं पण मधेच "साहेबांना द्यावे लागतील" वगैरे प्रकार शून्य, हे लिहिलंच पाहिजे.

तक्रारीपण आहेत. फोन उचलत नाहीत, म्हणजे नाहीतच. मेसेज केला की रात्री अकराला "बघते" एवढंच. ज्युनियर मुलगा हुशार आहे पण अर्जात माझं वडिलांचं नाव चुकवलं, ते दुरुस्त करायला एक अख्खी तारीख गेली, त्यादिवशी पाऊस असा की एसटीतून उतरून कोर्टापर्यंत चड्डीसुद्धा भिजली, आणि आत काय झालं तर वडिलांच्या नावातली एक वेलांटी. पार्किंग विसरा. आणि मॅडमची जीभ तिखट आहे, पुरावे विसरून गेलात तर "अहो सुपरवायझर, आता तरी थोडं सुपरव्हिजन करा स्वतःच्या कागदांचं" असं सगळ्यांसमोर ऐकवतात.

पण कागद जमवून घेण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. तुम्ही वर्कमन आहात हे आधी तुम्हीच दाखवायचं असतं, कंपनी नुसती नाही म्हणून बसली तरी चालतं. माझ्याकडे काय होतं? काहीच नाही असं मला वाटत होतं. त्यांनी घरातून काय काय काढायला लावलं, हात कापला तेव्हाचा दवाखान्याचा कागद ज्यावर 'सुरी लागून' लिहिलंय, त्याच दिवसाचा शिफ्ट रिपोर्टचा मोबाईलमधला फोटो, व्हॉट्सॲपवर मॅनेजरचा मेसेज, "आज सोलाईला बायका कमी, तू बस". हा शेवटचा मेसेज मी डिलिट करणार होतो, मेमरी फुल म्हणून.

साक्षीदार मिळवणं कठीण गेलं. मेमोवाल्या त्या बाईकडे मी स्वतः गेलो, तिच्या पडवीत बसलो, तिने कोकम सरबत दिलं. म्हणाली, "दादा, तुम्ही आमच्यातच उभे असायचात हे मी कुठेपण सांगेन, पण माझा पगार अजून तिथेच चालू आहे ना." काय बोलणार. आणि मेमोवर सही तर माझीच होती. सरबत प्यायलो आणि उठलो. शेवटी काम सोडून लोट्याला गेलेला एक जुना ग्रेडर आला साक्षीला.

२०२५ च्या सुरुवातीला प्लांट मॅनेजरची उलटतपासणी. कंपनीच्या वकिलांनी आधी ऑक्टोबर २०२४ चा सुप्रीम कोर्टाचा ताजा निकाल ठेवलेला, वर्तमानपत्राच्या कंपनीतला इंजिनिअर, तो वर्कमन नाही ठरला, माझे तर पायच गळले. मॅडम शांत. त्यांनी निकालावर वाद घातलाच नाही लगेच, मॅनेजरला रजेचा रजिस्टर दाखवला. ही 'रेकमेंडेड'ची सही यांची? हो. यांनी रेकमेंड केलेल्या रजा तुम्ही कधी नाकारल्यात? हो, बऱ्याचदा. यांनी नको म्हटलेली तुम्ही दिलीत? हो, दिली असेल. मग मेमो. हा टाइप कुणी केला? एचआरने. यांना विचारून? आठवत नाही. त्या दिवशी हे शिफ्टला होते का? रजिस्टर बघून सांगावं लागेल. रजिस्टरात त्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी. सही दुसऱ्या दिवशी घेतलेली, मला स्वतःला हे आठवत नव्हतं, मॅडमनी तारखा लावून काढलेलं. मी बाकावर बसून मॅनेजरच्या कपाळावरचा घाम बघत होतो, वाईट माणूस नाही तो, त्यालापण पगार आहे.

त्यानंतर महिन्याभरात कंपनीकडून तडजोडीचा निरोप आला. इथे मॅडमनी जे केलं त्यासाठी चार स्टार. स्वतःचं मत लादलं नाही, दोन्ही बाजू मांडल्या. लढलात तर माझ्या मते जिंकाल, पण कंपनी हायकोर्टात जाणार. परत घेण्याचा आदेश झाला तर हायकोर्टात चालू असेपर्यंत शेवटचा पगार मिळतो, कलम १७बी, पण वर्षं जातील. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला बेंच झालंय, निदान मुंबई वाचेल, आंबा घाट चढायचा. मुलीची इंजिनिअरिंगची फी तोंडावर होती. मी तडजोड घेतली, तीन लाख चाळीस हजार, सप्टेंबर २०२५ ला चेक वटला. त्यामुळे मी वर्कमन की सुपरवायझर हे कोर्टाने काही सांगितलंच नाही, कागदात मी फक्त 'अर्जदार'.

गंमत पुढे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन लेबर कोड लागू झाले, त्यातल्या इंडस्ट्रियल रिलेशन्स कोडमध्ये सुपरवायझरची रेघ अठरा हजार केलीय. मी सतरा हजार आठशेवाला. म्हणजे आज काढला असता तर खराखुरा सुपरवायझर मानूनसुद्धा दोनशे रुपयांनी मी आत. मॅडमना फोन केला सांगायला, अर्थात उचलला नाही, रात्री अकराला मेसेज आला, "माहीत आहे. आणि नवीन कायद्यात मुदत तीनची दोन वर्षं झालीय, लोकांना सांगा." म्हणून हेपण सांगतो, काढून टाकलं असेल तर मुदत आता दोनच वर्षं, कुणाच्या 'बोलतोय'वर थांबू नका.

जायचं तर सोमवार टाळा, कोर्टाची गर्दी असते. नेमणूक पत्र, पगार स्लिपा, पीएफचं पासबुक आणि मोबाईलमधले जुने मेसेज बरोबर न्या. काका "बसा, होईल" म्हणाले की खरंच बसा, होतं. पहिल्या भेटीचे पाचशे. दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर बल्ब नाही, दोन वर्षांत कुणी लावला नाही, टॉर्च लावून चढा.